तबकडीतून आरपार जाणारे तारकागुच्छ

प्रश्न : सूर्यासह आकाशगंगेच्या चपट्या तबकडीतील तारे तिच्या केंद्राभोवती एकाच दिशेने फिरतात. बंदिस्त तारकागुच्छही (गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले हजारो-लाखो ताऱ्यांचे गोलाकार पुंजके) तसेच फिरतात का? तबकडीतून जाताना त्यांच्यातील तारे इतर ताऱ्यांवर आदळत नाहीत का?

उत्तर : बहुतेक गुच्छ तसे फिरत नाहीत. सूर्य सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरतो; आपल्या आकाशगंगेतील दीडशेहून अधिक ज्ञात बंदिस्त गुच्छांपैकी केंद्राजवळचे, जड (हेलियमपेक्षा जड) मूलद्रव्यांनी समृद्ध असलेले अनेक गुच्छ तबकडीच्याच दिशेने फिरतात, परंतु प्रभामंडलातील (तबकडीभोवतीच्या विरळ, गोलसर भागातील) गुच्छांच्या कक्षा लांबट आणि हव्या त्या कोनांत कललेल्या असतात. ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ तर उलट दिशेने फिरतो. म्हणूनच तो आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या खुज्या दीर्घिकेचा (लहान तारकाविश्वाचा) गाभा असावा, हे मत मला सर्वांत पटणारे वाटते.

या कक्षा कळतात कशा, हेही पाहायला हवे. वर्णपटातील डॉप्लर परिणामावरून (गतीमुळे प्रकाशाच्या तरंगलांबीत होणाऱ्या बदलावरून) केवळ आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग मिळतो. हर्क्युलिस तारकासमूहातील एम १३ हा गुच्छ सेकंदाला सुमारे २४५ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना दिसतो, पण त्यात सूर्याच्या स्वतःच्या गतीचा मोठा वाटा आहे आणि तो वजा करावाच लागतो. आकाशातील आडवी सरक मात्र इतकी सूक्ष्म असते की, ताऱ्यांची स्थाने व गती मोजण्यासाठी २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाची निरीक्षणे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावरच जवळजवळ सर्व गुच्छांच्या कक्षा विश्वासाने मांडता आल्या.

आता टकरीविषयी. सूर्याच्या परिसरात शेजारच्या ताऱ्यांमधले अंतर ताऱ्याच्या व्यासाच्या काही कोटी पट असते, त्यामुळे टक्कर जवळपास अशक्यच. धोका आहे तो गुरुत्वाकर्षणाचा : तबकडी ओलांडताना तिची ओढ झपाट्याने दिशा बदलते, त्या हिसक्याने ताऱ्यांची ऊर्जा वाढते आणि कडेचे सैल बांधलेले तारे गुच्छाच्या पकडीतून निसटतात. शिवाय केंद्राच्या जवळ जाताना भरती-ओहोटीसारखा ताण (जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील ओढीतला फरक) गुच्छाला आणखी उसवतो. दाट, जड गुच्छ हे सहज सोसतात, विरळ गुच्छ सोसत नाहीत. पालोमार ५ या गुच्छातून निसटलेल्या ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत आढळल्या; एक त्याच्या पुढे, एक मागे. त्या गुच्छाच्या कक्षेलगतच पसरलेल्या असल्याने त्याची वाट आकाशात जणू आखलेलीच दिसते.