गरी आणि पाणी: थंडीतला मोठा मासा

प्रश्न: ऑक्टोबरात नायगावच्या बाजूला खाडीत जिताडे चांगले लागत होते. डिसेंबरपासून पहाटे पाचला जाऊन बसतो, आमिष जिवंत बोईचं, तरी महिनाभरात एकही ओढ नाही. थंडीत जिताडा खाडी सोडतो का? (एक वाचक, वसई)

उत्तर: खाडी सोडली असं धरून चालू नका, तो सुस्तावलाय. पाणी २६ ते ३० अंश असताना जिताडा जोमाने खातो. विशीच्या आसपास आलं की त्याचं खाणं जवळजवळ थांबतं. भर समुद्राचं पाणी मुंबईला थंडीतही फारसं गार होत नाही, पण खाडीचं उथळ पाणी रात्रभरात उतरतं आणि पहाट ही त्याची सर्वांत गार वेळ. तुम्ही नेमके तेव्हा बसताय. ऑक्टोबरातली सवय डिसेंबरात मोडायला हवी.

दुपार धरा. ओहोटीला उघडा पडलेला चिखल उन्हाने तापतो आणि त्यावरून चढणारं-उतरणारं पाणी दोन-तीन तास कोमट राहतं. भरतीची वेळ काढायला आपला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा, म्हणून भरतीचं कोष्टकही पाहाच. थंडीत सगळ्यात चांगले दिवस तृतीया-चतुर्थीचे, दोन्ही पक्षांतले. भरती दोन-तीनच्या सुमारास पुरी होते आणि तीन ते सहा ओहोटी धावते. उधाणाचा जोर तेव्हा अजून पाण्यात असतो. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत मंद असताना, पाणी हलत नाही, मासाही हलत नाही. ते दिवस गळ घासण्यात घालवले तरी चालतील.

जागा ओहोटीप्रमाणे निवडा. तिवरांतून निघणाऱ्या लहान नाळीचं तोंड, खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी म्हणजे पाण्याचं दार, पुलाच्या खांबामागचं संथ पाणी. बारकी बोई आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर येते आणि जिताडा प्रवाहाच्या कडेला, येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा असतो. सुस्तावलेला मासा आमिषामागे दहा हात धावत नाही, म्हणून ते त्याच्या तोंडासमोरून संथपणे जायला हवं. बोई १० ते १२ सेंटिमीटरचीच घ्या, वरच्या ओठातून गळ ओवा आणि शिसं इतकंच लावा की ती तळाला टेकून पुन्हा उचलली जाईल. कोळंबी असेल तर गळ डोक्यावरच्या काट्याखालून घाला. आत काळा ठिपका दिसतो, त्याला धक्का लागला की कोळंबी मेलीच. बादलीत बॅटरीचा हवेचा पंप ठेवा आणि अर्ध्या तासाने तिसरा हिस्सा पाणी बदला. बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका.

प्रश्न: दोनदा मोठा मासा लागला आणि दोन्ही वेळा दोरी तुटली. ब्रेड (विणलेली) दोरी ३० पौंडांची आहे. आणखी जाड घेऊ का? (एक वाचक, मढ)

उत्तर: जाड दोरी घेण्याआधी तुटलेलं टोक पाहा, तेच कारण सांगतं. तंगुसाचं (नायलॉनच्या एकपदरी दोरीचं) टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली आहे. मेणचट, केसाळ दिसलं तर घासून झिजलं. सुरीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर खांबावरच्या कालवांनी किंवा जिताड्याच्या कल्ल्याने कापलं. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते आणि तो उसळून डोकं झटकतो तेव्हा दोरी नेमकी तिच्यावर येते. दात म्हणाल तर बारीक, सॅंडपेपरसारखे, पण तेही तंगूस झिजवतात.

म्हणून ब्रेड थेट गळाला बांधायची नाही. पुढे १८ ते २५ किलोचा तंगूस जोडा, मोकळ्या पाण्यात दोन फूट आणि खांबांजवळ चार फूट. गाठ आवळण्यापूर्वी ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर भाग नखाने चाचपा आणि खरखरीत लागला तर कापून टाका. ही कंजुषी सगळ्यात महाग पडते.

दुसरं कारण ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. बोटाने ओढून अंदाज घेणारे बहुतेक जण तो फार घट्ट ठेवतात. दोरीचं टोक वजनकाट्याला अडकवा, रॉड माशाशी झुंजताना धरतो तसा धरा आणि काटा ३ ते साडेतीन किलो दाखवताना रीळ सुटू द्या. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा चौथा हिस्सा. मासा उसळला की रॉडचं टोक लगेच खाली. सर्कल गळ (टोक आत वळलेला, ५/० किंवा ६/० मापाचा) वापरत असाल तर झटका अजिबात मारू नका. दोरी ताणू द्या, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटक्याने तो तोंडातून सरळ बाहेर येतो.

आणि एक कळकळीचं. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मीटरभराचा मासा म्हणजे बहुधा मादीच, पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालणारी. फोटो काढा, पोटाखाली हात देऊन आडवी धरा, सोडा. खायला दोन-तीन किलोचा जिताडा जास्त चवदार लागतो.

प्रश्न: शिंगाळा माशाचा काटा हाताला लागला तर तिथल्या तिथे काय करावं? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: गरम पाणी. जखम स्वच्छ धुऊन हात सुमारे ४५ अंशांच्या, म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मग धनुर्वाताच्या सुईसाठी डॉक्टरकडे. पाकटाच्या काट्यालाही हेच, पण काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपसू नका, थेट रुग्णालय गाठा. थर्मास सोबत असतोच, त्यात चहाऐवजी एकदा गरम पाणी ठेवून बघा.

प्रश्न: जानेवारीत भाच्याकडे इंग्लंडला जातोय. तो पाइक या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मागे आहे. मुंबईचं सामान नेलं तर चालेल? (एक वाचक, दादर)

उत्तर: रॉड आणि ४०००-५००० मापाचं रीळ चालेल, तंगुसाचं टोक चालणार नाही. पाइकचे दात तो सहज कापतात आणि गळ घशात घेऊन गेलेला मासा उपाशी मरतो. निदान ४५ सेंटिमीटरची तारेची दोरी हवीच. आमिष मात्र ओळखीचं: अर्धा बांगडा किंवा तारली. तारली मऊ असते, फेकताना गळून पडते, म्हणून गोठलेलीच लावतात. तीनकाटी गळ असल्यामुळे तिथे वाट पाहायची नाही. ओढ आली की दोरी ताणा आणि झटका मारा, उशीर केला की गळ पोटात.

पाणी चार-पाच अंशांवर असलं तरी पाइक खातो, तो थंड पाण्याचाच मासा. थंडीअखेर माद्या अंड्यांनी भरलेल्या आणि सर्वांत वजनदार असतात. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते आणि तेरा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला रॉडचा परवाना काढावा लागतो, तो मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी काढून घ्या. लांब चिमटा, तार कापणारी पक्कड आणि ओली गादी सोबत ठेवा. मासा गादीवर उताणा ठेवून बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून जबड्याच्या हाडाला धरून सरकवा, लाल कल्ल्यांना स्पर्श न करता. गोठवणाऱ्या हवेत कल्ले आणि डोळे लवकर इजा पावतात, म्हणून फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करा.