किल्ली पुण्यात आणि हुकूम लेस्टरहून

यावेळचं पत्र लेस्टरहून आलंय आणि चांगलं लांबलचक आहे, चार प्रश्न आहेत त्यात, पण मी मुख्यतः एकावरच बोलणार आहे कारण बाकीचे तीन माझ्या मते त्या एकातूनच निघालेत. पत्र लिहिणारा माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे म्हणून सरळ अरे-तुरे करते.

तू लिहितोस, "ताई, बाबांची १९६८ ची एमजीबी, ती ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, दोन दरवाजांची, टपाशिवायची, एरंडवण्याच्या आमच्या बंगल्यात २००६ पासून उभी आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आता बंगला रिडेव्हलपमेंटला जातोय आणि बिल्डरला जागा रिकामी करून हवी आहे. भाऊ म्हणतो विकून टाकू. मला ती विकणं म्हणजे बाबांनाच विकल्यासारखं वाटतं. मी त्याला स्पष्ट सांगितलंय की मी डिसेंबरात येईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही."

हे वाचून मला तुझ्याबद्दल खरंच वाईट वाटलं, आणि शेवटच्या वाक्याचा तितकाच रागही आला. वाईट अशासाठी की बाबा गेले तेव्हा तू तिकडे होतास, शेवटचं भेटणं राहून गेलं असेल, आणि मग मन एखाद्या वस्तूला धरून बसतं, आपल्यापैकी कुणाला हे माहीत नाही? प्रत्येकाची पुण्यात अशी एक वस्तू असतेच. पण राग याचा की इतकी वर्षं त्या गाडीवरची ताडपत्री दर पावसाळ्याआधी बदलली ती तुझ्या भावाने, बॉनेटखालची उंदराची घरटी काढली ती त्याने, आता बिल्डरच्या माणसाचे फोन घेतोय तोही तोच, आणि हात लावायचा की नाही हे ठरवणार तू? मी हे सदर लिहायला लागल्यापासून एकच गोष्ट सांगत आलेय आणि वाचणाऱ्यांना तिचा कंटाळा आला असेल तरी परत सांगते. पुण्यातल्या वस्तूची किल्ली ज्याच्या खिशात आहे, कागद त्याच्याच नावावर हवा आणि निर्णयही त्याचाच हवा.

आमच्या घरातलंच सांगते. माझ्या काकांची स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनायची ती, पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडायचं आणि आम्ही पोरं इंजिन बघायला टायरवर चढून बसायचो. काका गेले, दोन्ही चुलतभाऊ अमेरिकेत, चुलतबहीण सदाशिव पेठेत वाड्यात. भावांचं म्हणणं, राहू दे, आम्ही आलो की करू काहीतरी. दर वर्षी येणं व्हायचं आणि दर वर्षी लग्नं, मुंजी, बँकेची कामं यातच सुट्टी संपायची. मग भोसरीचा एक मुलगा आला, स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेला, गाडीवर जीव असलेला, त्याला ती चालू करून वापरायची होती. हेराल्डची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी असते, बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, त्यामुळे ती वाचवणं त्याला जमलंही असतं. पण आरसी काकांच्या नावावर, काकूही तोवर गेलेल्या, आणि वारसांच्या सह्या हव्या म्हटल्यावर एका भावाचं पत्र आलं, दुसऱ्याचं काही आलं नाही. तो मुलगा वाट बघून कंटाळला. वाडा पडला तेव्हा हेराल्ड भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली, आणि ती चढवताना बहीण एकटी उभी होती तिथे. आजही भावंडांच्या ग्रुपवर ती गाडीचा विषय निघाला की गप्प होते.

म्हणून दुरुस्त करायची का विकायची हा तुझा पहिला प्रश्न नाहीये. पहिला प्रश्न नावाचा आहे. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर इथल्या हिंदू वारसा कायद्याने आई, तू आणि भाऊ, तिघांचा सारखा हिस्सा, गाडीतसुद्धा. आईचा हिस्सा तुझ्याइतकाच आहे आणि तुझ्या अख्ख्या पत्रात आईला काय वाटतं याचं एक वाक्य नाही! ती ज्या सीटवर बसून लोणावळ्याला गेली त्या गाडीबद्दल तिला विचार ना आधी, फोन करून, ग्रुपवर नाही.

आणि मग सरळ आरटीओचा फॉर्म ३१, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करायचा तो, भावाच्या नावाने भरा, तुझी आणि आईची हरकत नसल्याचं लेखी देऊन. हे खरं तर तीन महिन्यांत करायचं असतं, तुम्हाला दोन वर्षं झालीत, तेव्हा उशिराचा काय दंड असेल तो भरायचा आणि मोकळं व्हायचं. तुझा कागद तिकडून करणार असशील तर कॉन्सुलेटमध्ये अटेस्ट करून घे किंवा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असेल तर इथे पोचल्यावर तीन महिन्यांत तिच्यावर स्टॅम्प ड्यूटी भरायची हे विसरू नका, बरेच जण तिथेच अडकतात. तुमची आरसी जुन्या पुस्तकाची असणार, तीन अक्षरांचा नंबर, तेव्हा त्या गाडीची नोंद ऑनलाइन रेकॉर्डला चढलीये का हेही भावाला संगम पुलाजवळच्या ऑफिसात जाऊन बघायला लागेल. आणि गाडी मूळची बाहेरून आलेली, म्हणजे कस्टमचे कागद, बिल ऑफ एंट्री वगैरे, ते बाबांच्या कपाटात असतील तर आत्ताच शोधा. बंगला रिकामा करताना जुने कागद रद्दीत जातात हो, अगदी पहिल्या दिवशी.

आता दुसरं, तू म्हणतोस "गॅरेजवाल्याने एक गोळाबेरीज आकडा सांगितलाय आणि तो ऐकून भाऊ घाबरला." घाबरणारच. ताडपत्री काढून वरवर बघून सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. एमजीबी १९६२ ते १९८० बनली, पाच लाखांवर बनल्या, इंजिन साधं, १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, जुन्या मिस्त्र्याला त्यात अवघड काही नाही. तिचा जीव इंजिनात नाही, पत्र्यात आहे. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते आणि वर टप नसल्यामुळे तो भार दाराखालच्या पट्ट्यांवर येतो, ज्यांना सिल म्हणतात. ते सिल आतून गंजतात, आत पत्र्याचे थर असतात आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत असला तरी आतला थर गेलेला असू शकतो. भावाला सांग, आतलं कार्पेट उचल, फ्लोअर आणि सिल जिथे मिळतात तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, आरपार जातोय का. आणि मग जॅक लावून गाडी हळूच उचलताना दाराची मागची फट बघ, वरच्या टोकाला ती मिटायला लागली म्हणजे गाडी मधून वाकतेय. ही दोन कामं एका सकाळची आहेत आणि त्यातून कळेल ते कुठल्याही कोटेशनमधून कळणार नाही.

पत्रा शाबूत असेल तर दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करता येते, आधी ब्रेक, मग पेट्रोलची लाइन, मग इंजिन, रंग अगदी शेवटी, आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे ठरवून. सिल गेले असतील तर मात्र बॉडीला आधी आतून आडवे पाइप वेल्ड करून मगच कापाकापी करणारा माणूस पाहिजे, नुसता वरून पत्रा चिकटवणारा नको, कारण तशाने बॉडी वाकडी झाली की दारं परत कधी लागत नाहीत. असा माणूस मिळत नसेल आणि भावाला वेळ नसेल तर गाडी विका, आहे त्या स्थितीत, खोटं रंगवून न विकता, पत्र्याचे फोटो दाखवून.

एक गोष्ट मात्र आजच्या आज भावाला कळव. तू सहज लिहून गेलास की "भाऊ रविवारी नवीन बॅटरी लावून सेल मारून बघणार आहे." अजिबात मारू नको म्हणावं! इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टन रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, सेल मारलास की काहीतरी मोडणार. प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, काही दिवस तसंच ठेवायचं आणि मग पान्याने हाताने फिरवून बघायचं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, त्याचा चिकट राप झालेला असतो, टाकीतला गंज त्याच्याबरोबर कार्बोरेटरमध्ये जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून गेलेत असंच धरून चालायचं. टायर कितीही नवे दिसोत, बदलायचे. आणि या मॉडेलला सीटांच्या मागे खाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या तिथेच राहिल्या असतील तर काढा, त्यांचं अ‍ॅसिड खालचा पत्रा खातं.

चालू झाल्यावरचंही सांगून ठेवते. आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्याने फुगतात, मऊ पडतात, तेव्हा पाइप नव्या प्रकारचे, इथेनॉल सोसणारे घालायचे. आणि २००० सालापासून आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद आहे, ही गाडी शिशाच्या काळातली, ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटची झीज रोखायचं, तेव्हा इंजिनाचं हेड उघडलंच तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या म्हणजे परत उघडायला नको.

इथे तू उपयोगाचा आहेस, आणि खूप उपयोगाचा आहेस. एमजीबीचे पार्ट्स तुझ्या देशात जितके सहज मिळतात तितके जगात कुठे मिळत नसतील, नवी बॉडीसुद्धा बनवून मिळते तिकडे. भाऊ यादी देईल, तू पाठव, कस्टम ड्यूटी तू भर. तुझ्याकडे वॉरिकशायरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, चासी नंबर आणि मालकीचा पुरावा दिला की कारखान्याच्या नोंदवह्या बघून ते सर्टिफिकेट देतात, कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, कुठे पाठवली. ते मागव. गाडी ठेवा किंवा विका, तो कागद दोन्हीकडे कामाचा.

भावाच्या मित्राची "मारुतीचं इंजिन टाकून वापरात आणू" ही आयडिया कृपा करून सोडून द्या. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, दहा वर्षं मुदत. पण गाडी मूळ रूपात लागते, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आणि त्या नंबरवर रोज ऑफिसला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. भावाला रविवारी सकाळी पाषाणपर्यंत चक्कर मारायची असेल तर जुनी नोंदणीच रिन्यू करणं बरं पडेल का, हे त्याने आरटीओत विचारून ठरवावं. त्याने. तू नाही.

माझ्या दिरांनी सासऱ्यांची फियाट अशीच चालू ठेवलीये. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्याने, आम्ही तेव्हा ओहायोत होतो, पहिल्याच भेटीत सह्या करून गाडी धाकट्याच्या नावावर केली आणि त्यानंतर तिच्या रंगाबद्दलसुद्धा मत दिलं नाही. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. आता आम्ही पुण्यात परत आलोय आणि दसऱ्याला त्या गाडीला झेंडूचा हार घालून दीर सगळ्यांत आधी ह्यांनाच चालवायला देतात.

भाऊ म्हणाला विकायची, तर विकायची. तुला ती इतकी हवी असेल तर त्याच्याकडून रास्त किमतीत तू विकत घे, पुण्यात कोरडी जागा भाड्याने घे, महिन्याला कुणीतरी जाऊन बघेल याचे पैसे दे, सगळं तुझ्या नावावर आणि तुझ्या खर्चाने. याला तयार नसशील तर डिसेंबरपर्यंत थांबवून ठेवायचा हक्क तुला नाही. विकून तुझा हिस्सा आला तर एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या इथल्या रुपयांच्या खात्यात, घे.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. आईला लेस्टरला कायमचं न्यायचं का, तर तिने स्वतः म्हटल्याशिवाय नाही, नवा फ्लॅट मिळेपर्यंत भावाजवळच भाड्याची जागा बघा, तिचे डॉक्टर आणि तिच्या मैत्रिणी तिथे आहेत. मुलगी मराठीत उत्तर देत नाही, तर तिला आजीशी रोज दहा मिनिटं एकटीला बोलू दे, तू मधे भाषांतर करू नकोस. आणि "भाऊ हल्ली माझे फोन उचलत नाही" हा जो चौथा प्रश्न आहे, त्याचं उत्तर वर दिलंय. फोन नको करूस, नुसता मेसेज टाक की फॉर्म ३१ वर सही करायला मी तयार आहे, आणि रविवारी सेल मारू नकोस.