आईच्या फोनमधली नको ती अ‍ॅप्स: काय निघतं, काय निघत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दसऱ्याला आईंसाठी साडेदहा हजारांचा, ६४ जीबीचा फोन घेतला. महिनाभरात ‘जागा संपली’ म्हणून ओरडायला लागला. कुणी न मागितलेली तीसेक अ‍ॅप्स आत बसलीत, त्यातली निम्मी निघत नाहीत. आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतला एक जण ‘पाचशे द्या, रूट मारून (म्हणजे फोनचा पूर्ण ताबा उघडून) सगळं साफ करून देतो’ म्हणतोय. द्यावा का त्याच्याकडे?

नका देऊ. पण आधी एक गैरसमज काढू, कारण दर महिन्याला कुणीतरी याच ठेचेला अडखळतं. फोनबरोबर आलेली ही अ‍ॅप्स काढली की जागा मोकळी होईल, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा होत नाही.

पुण्यात भाड्याने राहिला असाल तर लगेच कळेल. मालक फ्लॅट दाखवताना सांगतात, ‘माळ्यावर आमचं थोडं सामान आहे, ते राहील हं.’ माळ्याला कुलूप. भाडं मात्र आख्ख्या फ्लॅटचं. फोनच्या मेमरीतही असा कुलूपबंद माळा असतो, त्याला सिस्टिम पार्टिशन म्हणतात. कंपनीने आधीच भरून दिलेली बरीचशी अ‍ॅप्स तिथे असतात. त्या भागात फक्त वाचता येतं, लिहिता किंवा पुसता येत नाही. उद्या तुम्ही त्यातलं एखादं अ‍ॅप नजरेआड केलंत तरी माळ्याची ती जागा तुमच्या फोटोंना मिळत नाही. माळा मालकाचाच राहतो.

शिवाय ६४ जीबी हा आकडाही बघाल तसा दिसतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. त्यामुळे ६४ चे मुळातच ५९.६ होतात. आईंच्या फोनमध्ये ‘सिस्टिम’च्या नावावर १८ जीबी दिसतात असं तुम्ही लिहिलंय; ते वजा केले की आईंच्या हातात चाळीसएक उरतात. ते नक्की कुणी खाल्ले हे बघायचं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, मग ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ उघडा. माझ्या आईच्या फोनमध्ये एकट्या भजनी मंडळाच्या ग्रुपने नऊ जीबी व्यापले होते. सकाळी सहाला सूर्योदय, सात वाजता तोच सूर्योदय दुसऱ्या मावशीकडून. ते पुसलं, ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद केलं, आणि जागेची तक्रार तिथेच संपली. एकाही अ‍ॅपला हात न लावता.

मग ही अ‍ॅप्स निरुपद्रवी आहेत का? अजिबात नाही. पण त्यांचा त्रास जागेचा नसून बोटाचा आहे. गेल्या महिन्यात आईला कोथरूड डेपोची बस बघायची होती. तिने फोन उचलला, तर लॉक स्क्रीनवरच कुठल्यातरी नटीच्या लग्नाची बातमी. ती बाजूला सारायला गेली, बोट टेकलं, बातमी उघडली. मागे यायला गेली तर ‘तुमचा फोन ८३ टक्के अस्वच्छ आहे, साफ करा’ असं पिवळं बटण. ते दाबल्यावर साफसफाईचं अ‍ॅप उघडलं, त्याने आधी जाहिरात दाखवली, जाहिरातीतलं ‘इन्स्टॉल’ दाबलं गेलं आणि एक रमीचा खेळ उतरायला लागला. बस गेली. आई मला फोनवर म्हणाली, ‘अरे, माझ्याकडून काहीतरी बिघडलंय.’ तिच्याकडून काहीच बिघडलेलं नव्हतं. त्या पायऱ्या तशाच बांधल्या होत्या. जाहिराती सहन करू हो, पण चूक आपलीच असं माणसाला वाटायला लावणं हे मला फार लागतं.

आता कामाचं. अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून ठेवा आणि ‘अ‍ॅपची माहिती’ उघडा. तिथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

‘अनइन्स्टॉल’ दिसलं तर ते अ‍ॅप माळ्यावरचं नाही, खोलीत आणून टाकलेलं आहे. बिनधास्त काढा, याची जागा खरंच परत मिळते. खेळ, खरेदीची अ‍ॅप्स, कर्ज देणारी अ‍ॅप्स बहुधा याच वर्गात येतात. यातली काही तर फोनमध्ये नसतातच. पहिल्यांदा इंटरनेट लागल्यावर कंपनीने ठरवून ठेवलेली अ‍ॅप्स आपोआप उतरवून घ्यायची सोय असते. म्हणून नवा फोन सुरू करताना ‘ही अ‍ॅप्सही घ्या’ असा पडदा आला तर घाईने ‘पुढे’ दाबू नका, एकेक टिक काढा. दुकानदार ‘सेट करून देतो’ म्हणाला की तो हे सगळं ‘पुढे, पुढे’ करत उरकतो. त्याला दोष नाही, मागे गिऱ्हाइकं उभी असतात.

‘अनइन्स्टॉल’ ऐवजी ‘डिसेबल’ किंवा ‘बंद करा’ दिसलं तर अ‍ॅप माळ्यावरचं आहे. इथे बरेच जण निराश होऊन सोडून देतात, पण हे बटण चांगलं आहे. डिसेबल केलेलं अ‍ॅप चालत नाही, सूचना पाठवत नाही, अपडेट घेत नाही, यादीतही दिसत नाही. आणि एक गंमत: माळ्यावर असते ती अ‍ॅपची जुनी, कारखान्यातली आवृत्ती. प्ले स्टोअरवरून आलेले अपडेट तुमच्या खोलीत साठतात. म्हणून आधी कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘अपडेट्स अनइन्स्टॉल करा’ आहे का बघा, मग डिसेबल करा. परवा एका फोनवर अशा सात अ‍ॅप्सचे अपडेट काढले तर सव्वा जीबी सुटली.

आणि तिसरा प्रकार, जिथे दोन्ही बटणं पुसट असतात. त्यावर नंतर येतो.

त्याआधी लॉक स्क्रीन. बातम्या, फोटो फिरत राहतात ते बऱ्याच फोनांत ‘ग्लान्स’ नावाचं असतं किंवा ‘वॉलपेपर कॅरोसेल’. सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपरच्या भागात ते बंद करता येतं. शाओमीचा फोन असेल तर ‘एमएसए’ नावाची जाहिरातींची यंत्रणा असते. पासवर्ड आणि सुरक्षेच्या भागात ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’ मध्ये तिची परवानगी काढायची. इंटरनेट चालू लागतं, दहा सेकंद थांबवतो, आणि पहिल्या खेपेला ‘जमलं नाही’ म्हणू शकतो. चिडू नका, पुन्हा करा. आणि एखादी सूचना कुणाची हेच कळत नसेल, तर तिच्यावर बोट दाबून धरा. पाठवणाऱ्या अ‍ॅपचं नाव येतं आणि तिथल्या तिथे तोंड बंद करता येतं. आईंना एवढी एक गोष्ट शिकवलीत तरी पुष्कळ आहे. माझी आई आता या कामाला ‘गळा दाबणे’ म्हणते.

आता तिसरा प्रकार, दोन्ही बटणं पुसट असलेला. यासाठी रूट लागत नाही. ‘फोनविषयी’ मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा. कॉम्प्युटरवर गुगलची ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ घ्या, त्यात ‘एडीबी’ असतं, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन. केबल लावली की फोन विचारतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू का, त्याला हो म्हणा. मग ‘पीएम अनइन्स्टॉल’ ही आज्ञा ‘युजर झिरो’ साठी द्यायची, म्हणजे हे अ‍ॅप मूळ वापरकर्त्यापुरतं काढा. माळ्यावरची मूळ प्रत तशीच राहते, आणि आपला जीव त्यामुळेच वाचतो: ‘इन्स्टॉल एक्झिस्टिंग’ ही आज्ञा दिली की काढलेलं परत येतं. फॅक्टरी रीसेट केलं तरी सगळी वरात परत येते. मोठ्या अपडेटनंतर काही मंडळी परतलेली मी पाहिली आहेत, तेव्हा वर्षातून एकदा झाडू मारावा लागतो. काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करा.

माझी फजिती सांगतो, म्हणजे तुम्ही नेटवरच्या तयार याद्या डोळे झाकून वापरणार नाही. सासऱ्यांच्या फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा कीबोर्ड होता, ओळीच्या वर सारखी जाहिरात. मी आधी दुसरा कीबोर्ड टाकला आणि कंपनीचा उडवला. सगळं छान. सासऱ्यांनी रात्री फोन बंद करून सकाळी चालू केला, तर पासवर्ड टाकायला कीबोर्डच येईना. नुसता रिकामा चौकोन आणि खाली चमकणारी रेघ. त्यांचा पिन नव्हता, अक्षरांचा पासवर्ड होता. फोन नव्याने चालू होतो तेव्हा पहिलं कुलूप उघडेपर्यंत बाहेरून टाकलेली बरीच अ‍ॅप्स जागीच होत नाहीत, हे मला माहीत होतं, सुचलं नाही. सासरे सोफ्यावर बसून काहीही न बोलता माझ्याकडे बघत होते. शेवटी तपकीर गल्लीतून फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायचा ओटीजीचा छोटा जोड आणला, घरातला जुना, ‘एस’ रुतलेला कॉम्प्युटरचा कीबोर्ड फोनला लावला आणि त्यावरून पासवर्ड टाकला. ‘एस’ जोरात दाबावा लागला. उघडलं, आणि पहिल्यांदा कंपनीचा कीबोर्ड परत आणला. तो अजून तिथेच आहे, जाहिरातींसकट.

तेव्हा कीबोर्ड, लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं), सेटिंग्ज, फोन, मेसेज, वेबव्ह्यू (इतरांच्या आत वेबपानं दाखवणारं), गुगल प्ले सर्व्हिसेस यांना हात लावू नका. शाओमीत सिक्युरिटी आणि ‘फाइंड डिव्हाइस’शी संबंधित भागांनाही नाही; ते काढून फोन चालू होताहोताच अडकल्याची उदाहरणं आहेत. नाव वाचून अ‍ॅप कशाचं हे कळत नसेल तर ते राहू द्या. एका वेळी दोन-तीन काढा, फोन बंद करून चालू करा, दोन दिवस वापरा.

रूट का नको? त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम, उघडावा लागतो, आणि तो उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. नंतर बँकेची आणि यूपीआयची बरीच अ‍ॅप्स अशा फोनवर चालायला नकार देतात. आईंचं पेन्शन त्याच फोनवर बघायचं असेल, तर पाचशे रुपयांत फार महाग सौदा पडेल. वॉरंटीवरून वाद होईल तो वेगळाच.

‘पण फोन माझा ना, मग काढता का येत नाही?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. याच्यात दोन वेगळे व्यवहार आहेत आणि आपण दोन्हींवर एकच राग काढतो. एक गुगलचा. प्ले स्टोअर हवं तर बाकीचा आख्खा संच घ्या आणि ठरलेल्या जागी ठेवा, असा फोन कंपन्यांशी करार. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे चूक ठरवून गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला आणि गुगलने आपली अ‍ॅप्स काढण्यापासून लोकांना अडवू नये असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण अ‍ॅप काढण्याबद्दलचा नेमका तो आदेश रद्द केला. म्हणजे सरकारी तिजोरीचं ठरलं, तुमच्या माझ्या बोटाचं राहून गेलं. युरोपात मात्र नव्या डिजिटल बाजार कायद्याने, मार्च २०२४ पासून, मोठ्या कंपन्यांना अ‍ॅप काढू देणं भाग पडलंय.

दुसरा व्यवहार फोन कंपनीचा स्वतःचा. स्वस्त फोनवर सुटतं फार थोडं. शाओमीने तर २०१८ साली हार्डवेअरवर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही असं जाहीरच केलं होतं. मग बाकीचं पोट भरतं ते सेवांवर आणि जाहिरातींवर. साडेदहा हजारांच्या फोनचे थोडे पैसे आई रोज लॉक स्क्रीनवर फेडत असते, एवढाच त्याचा अर्थ. मला हे पटत नाही, पण फसवणूक म्हणण्यापेक्षा हप्ता म्हणणं जास्त खरं आहे. खटकतं ते हे की हप्त्याचा आकडा खोक्यावर कुठेच छापलेला नसतो.

बाय द वे, सरकारही यातून सुटलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ‘संचार साथी’ नव्या फोनांत आधीच भरून द्या असा दूरसंचार खात्याचा आदेश निघाला, आरडाओरडा झाला, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. अ‍ॅप उपयोगी आहे, चोरीला गेलेला फोन ब्लॉक करता येतो. मी स्वतः ठेवलंय. स्वतः ठेवलंय म्हणूनच त्याच्यावर राग नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या रविवारी आधी व्हॉट्सअ‍ॅप साफ करा, मग लॉक स्क्रीन, मग डिसेबल. एवढ्यात अर्धा तास जाईल आणि बहुधा पुढचं काही लागणारच नाही. तरी केबल लावायचीच झाली, तर पुसट बटणांच्या अ‍ॅप्सची यादी फोनच्या मॉडेलसकट आधी इथे टाका, मी बघतो. आणि आईंच्या फोनला पिन आहे की पासवर्ड, तेही लिहा.