दोन दारांची जुनी हेराल्ड: घ्यावी की सोडावी?

प्रश्न: अंबाजोगाईत एका निवृत्त डॉक्टरांची १९६६ची स्टँडर्ड हेराल्ड विकायला आहे. दोनच दारं, मूळ रंग, कागद जागेवर. पावणेतीन लाख सांगतायत. घरचे म्हणतात, तेवढ्यात चांगली फियाट बघ. या गाडीत असं काय आहे?

उत्तर:

माझ्याकडे १९६५ची आहे, दोन दारांचीच. सेलूच्या एका वकिलांकडून २०१३ मध्ये घेतली आणि तेव्हापासून परभणीत माझ्या दारात उभी आहे. तेव्हा वडील म्हणाले होते, "दोन दाराची गाडी कुठं घेतलास बाबा, मागं बसायचं कसं?" तुमच्या घरचेही बहुतेक हेच म्हणत असतील. पण ज्या दोन दारांमुळे आज सगळे नाक मुरडतायत, त्या दोन दारांनीच ही गाडी साठ वर्षं वाचवली आहे.

साठच्या दशकात भारतात मोटार घ्यायची म्हणजे तीनच घरं होती. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची अँबेसिडर, मुंबईत कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. फियाट मुंबईत टॅक्सी झाली. अँबेसिडर सरकारी झाली, मग भाड्याची झाली, आणि डिझेल इंजिन बसवून घेणं तर आपल्याकडे सर्रास होतं. या गाड्या राबल्या. राबताना पत्रे बदलले, इंजिनं बदलली, रंग चार-चार वेळा मारले गेले. आज चकचकीत फियाट दिसते, पण तिच्यातलं मूळ किती शिल्लक आहे हे शोधायला दिवस जातो.

हेराल्डला भाड्याला कोणी लावलं नाही. नऊवारीतल्या आजीला मागे बसवायचं तर पुढची सीट पाडावी लागायची. वरातीला जमत नाही, पाहुणे आणायला जमत नाही. मग ती घेतली कोणी? डॉक्टरांनी, वकिलांनी, प्राध्यापकांनी. ज्यांना एकट्याने किंवा जोडीने जायचं होतं त्यांनी. एकच माणूस ती चालवायचा, रात्री शेडमध्ये लावायचा आणि तिच्या खोडी त्याला पाठ असायच्या. माझ्या वकिलांनी टायर कधी बदलले, ऑइल कधी टाकलं, हे एका वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही मी गाडीबरोबर मागून घेतली. तुमच्या डॉक्टरांकडेही असं काही असेल तर आवर्जून मागा.

कंपनीलाही लोकांचं म्हणणं ऐकावं लागलं. साठचं दशक संपता संपता भारतातल्या हेराल्डला चार दारं आली, जी इंग्लंडच्या मूळ गाडीला कधीच नव्हती. १९७२ मध्ये कंपनीची गॅझेल ही पुढची गाडी आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपनीचं उत्पादनच थांबलं. म्हणजे दोन दारांची हेराल्ड बनली ती १९६१ पासून काही वर्षंच. पुढे टाटांच्या सिएराचं असंच झालं. १९९१ची ती गाडीही मागच्या दारांवाचून मागे पडली आणि आज लोक तिला शोधत फिरतात. नव्या सिएराला मात्र कंपनीने मागची दारं दिली आहेत.

आता गाडीबद्दल. मूळची ही ट्रायम्फ हेराल्ड, इंग्लंडमध्ये १९५९ला आली. आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. लांबून बघा, मागे निघालेल्या त्या बारीक धारा, बारीक खांब, भरपूर काच. आत बसलं की चारही बाजूंचं दिसतं. अँबेसिडरमध्ये दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं, हेराल्डमध्ये ओट्यावर बसल्यासारखं. अँबेसिडर-फियाटचा गियर स्टिअरिंगपाशी, हिचा खाली हाताशी, छोटा आणि नेमका.

बॉनेट उघडायला सांगा आणि त्या क्षणी स्वतःकडे लक्ष द्या, कारण बहुतेक लोक तिथेच हरतात. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्ड-दिव्यांसकट सगळं तोंडच पुढे कलतं. पुढच्या टायरवर बसून टॅपेट लावता येतात. पॉईंट साफ करायला, इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाच्या काचेच्या वाटीतला कचरा काढायला वाकावं लागत नाही. माझा मुलगा आठवीत असताना इंजिन म्हणजे काय हे या गाडीवरच शिकला, कारण सगळं उघड्यावर दिसतं.

वळणही तसंच. पुढची चाकं इतकी वळतात की ती साधारण २५ फुटांच्या वर्तुळात फिरते. मी ती एकदा संभाजीनगरला गुलमंडीच्या गर्दीत नेली होती. आजच्या छोट्या गाड्या जिथे दोनदा मागेपुढे करत होत्या, तिथे ही एका दमात वळली.

तिला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, आहे. साठच्या दशकात बाकी गाड्या एकसंध सांगाड्याच्या होऊ लागल्या होत्या. ट्रायम्फला मात्र पूर्ण बॉडी बनवून देणारा कारखाना मिळेना, म्हणून त्यांनी चेसिसवर तुकड्या-तुकड्यांची बॉडी बोल्टाने जोडायचं ठरवलं. त्या अडचणीचा फायदा आज आपल्याला होतो. एक पत्रा गेला तर तोच सोडून दुरुस्त करता येतो, शेजारच्याला गॅस कटर लावावा लागत नाही.

मराठवाड्यात जपलेली गाडी म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो. आपल्याकडे पाऊस वर्षाला ७००-८०० मिलिमीटरच्या आसपास, खारा वारा नाही. कोकणातली गाडी पत्र्यात सडते, आपली उन्हात वाळते. म्हणून अंबाजोगाईची गाडी पत्र्याने चांगली असण्याची शक्यता खरी आहे, पण रबरं, काचेच्या पट्ट्या, सीटचं रेक्झिन आणि डॅशबोर्ड उन्हाने गेलेले असतील. ते सगळं मिळतं किंवा करून घेता येतं. धोका काळ्या मातीचा. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गेलेल्या गाडीच्या चेसिसच्या आडव्या फांद्यांवर चिखल बसतो, वाळून घट्ट होतो आणि पुढच्या पावसाचं पाणी धरून ठेवतो. पत्रा वरून सोन्यासारखा आणि खालून पापड, हे मी मानवतच्या एका गाडीत पाहिलं आहे. म्हणून गाडी रॅम्पवर चढवा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन या फांद्या आणि डिकीची तळपाटी टोचून बघा. जिथे तो आत जाईल तिथे भाव खाली येतो. दार उघडून टोकाला धरून वर उचला. दोन दारांच्या गाडीची दारं लांब आणि जड असतात, बिजागरी झिजली असेल तर हातालाच कळतं. पुढची काच तडकलेली असेल तर मात्र जरा थांबा, ती मिळवायला फार फिरावं लागतं.

मग गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन उभे राहा. हिची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात आणि त्यांना वर एकच आडवा पाटा (स्प्रिंग) आहे. रिकाम्या गाडीची मागची चाकं साधारण उभी दिसली पाहिजेत. वरची बाजू आत झुकलेली दिसली तर पाटा दबून बसला आहे. याच रचनेमुळे वेगात वळताना अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडायला बघतं आणि गाडी मागून सटकते. मांजरसुंबा घाट उतरताना मी वळणाच्या आधीच ब्रेक मारून घेतो आणि वळणात पाय हलकासा दाबून ठेवतो. सवय लागली की विसरायला होतं, पण पहिले सहा महिने हे ध्यानात ठेवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका ब्राँझच्या तुकड्यात आट्यांवर फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. तिथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गियर ऑइल लागतं. मी पहिलं सर्व्हिसिंग ज्या गॅरेजात केलं तिथे सवयीने सगळीकडे ग्रीस मारलं. घट्ट ग्रीस आट्यांमध्ये पोचलंच नाही, आत पाणी राहिलं, गंज धरला. सात महिन्यांनी जिंतूर रोडवरून गल्लीत वळताना दांडा आट्यांपाशी तुटला आणि डावं चाक आडवं पडलं. वेग अगदी कमी होता म्हणून मी हे लिहितोय. पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी तुटलेला दांडा हातात देऊन दाखवलं, "मालक, इथं तेल पायजे होतं." डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: ट्रनियनला काय टाकता? "ऑइल" असं उत्तर आलं तर गाडी जाणत्या हातात होती असं समजा. "ग्रीस" आलं तर दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन बदलायचा खर्च भावातून वजा करा, आणि ते होईपर्यंत गाडी चालवत घरी आणू नका, टेम्पोत घाला.

सुटे भाग मिळतात. ट्रायम्फच्या स्पिटफायरशी हिचे बरेच भाग जुळतात आणि इंग्लंडमध्ये ते अजून नवे बनतात. माझे तिकडूनच मागवले, दीड महिना लागला. जुन्या भारतीय मालासाठी चेन्नईचा पुदुपेटचा जुन्या सुट्या भागांचा बाजार. स्टँडर्डचं माहेर चेन्नईच.

गाडी किती दिवस उभी आहे तेही विचारा. वर्ष झालं असेल तर लगेच सेल्फ मारू देऊ नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचा-चमचा ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, टॉप गियरमध्ये हलकेच ढकलून इंजिन फिरतं का बघा. टाकी आणि ब्रेकची जुनी रबरं नंतर बदलावीच लागतील. पेट्रोलचे पाइपही इथेनॉल सोसणारे घाला, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं आणि जुनं रबर त्यात फुगतं.

कागदांचं थोडक्यात. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि ती नोंदणी दहा वर्षं चालते. पण ती गाडी रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच. तुम्हाला रविवारी योगेश्वरीच्या दर्शनाला किंवा परळीला जायचं असेल तर नेहमीची नोंदणी चालू ठेवणंच बरं. आरसी बुक हातात घेऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः जुळवा.

पावणेतीन लाख जास्त की कमी, ते ती खालून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. चेसिस घट्ट असेल, इंजिन तिचंच ९४८ सीसीचं असेल आणि मूळ रंग खरंच मूळ असेल तर मी घासाघीस फार करणार नाही. आणि घेतलीत तर रंगाला हात लावू नका. उडालेला असला तरी राहू द्या. नवा रंग कधीही मारता येतो, १९६६चा पुन्हा मारता येत नाही.

आणखी एक करा. चाचणीला पहिल्यांदा गाडी तुम्ही घेऊ नका, डॉक्टरांना चालवू द्या आणि शेजारी बसा. हिचा पहिला गियर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय सुखाने पडत नाही. ते कुठे थांबतात, चोक किती वेळ ओढून ठेवतात, खड्डा आला की पाय कुठे जातो, सगळं बघून घ्या. मग जागा बदला.