गाडीला किरकोळ धक्का लागलाय, विमा कंपनीकडे न जाता आपसांत कसं मिटवावं?

कुणालाही दुखापत झाली असेल तर आपसांत मिटवू नका. दुखापत नसेल तर आधी दोन्ही गाड्यांचे नंबरप्लेटसह लांबून आणि जवळून फोटो काढा.

रस्त्यावरच पैसे ठरवू नका. भांडणं इथेच सुरू होतात. प्लास्टिकचा बंपर दबून पुन्हा आकारात येतो, वरून फक्त ओरखडा दिसतो, पण आत ब्रॅकेट, क्लिपा, हेडलाइटचे कान (ती जागेवर धरून ठेवणारे भाग) किंवा पार्किंग सेन्सर तुटलेला असू शकतो. म्हणून बंपर उतरवूनच गॅरेजकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. पार्ट, मजुरी, रंग वेगवेगळे लिहिलेले हवेत.

पैसे शक्यतो थेट गॅरेजला, बँकेतून द्या. तारीख, गाड्यांचे नंबर, रक्कम आणि ‘पूर्ण व अंतिम, पुढे मागणी नाही’ असं लिहून दोघांनी सह्या करा. पॉलिसीही वाचा: क्लेम नसला तरी अपघात कळवण्याची अट अनेकदा असते.