हर्पीसची तपासणी कुठे थांबवायची?

"मॅडम, निगेटिव्ह आलाय. तरी अजून एकदा करून घेऊ का?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, हे विचारणाऱ्या तरुणाच्या फाइलमध्ये मुंबईतल्या वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काही महिन्यांपूर्वी एका अनोळखी व्यक्तीशी त्याचा निरोधाशिवाय संबंध आला होता आणि आता घरी लग्नाची बोलणी सुरू होती.

एचआयव्ही आणि सिफिलिसचे रिपोर्ट तीन महिने उलटल्यावर निगेटिव्ह आले होते. तो विषय संपला. हर्पीस म्हणजे तोंडाभोवती किंवा गुप्तांगावर फोड आणणारा विषाणूसंसर्ग; त्याच्या रक्ततपासणीत मात्र विषाणू दिसत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीजी प्रतिद्रव्यं दिसतात आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. बहुतेकांमध्ये 12 आठवड्यांत दिसू लागतात, काही डॉक्टर 16 आठवडे धरतात. याने पहिली तपासणी पाचव्या दिवशी केली होती, शेवटची 18व्या आठवड्यात. तीही टाइप 2 साठी, म्हणजे मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या हर्पीससाठी, निगेटिव्ह. मधल्या काळात फोड नाही, जखम नाही.

त्याचा जीव अडकला होता टाइप 1 च्या, म्हणजे मुख्यतः तोंडाभोवतीच्या हर्पीसच्या, पॉझिटिव्हमध्ये. पण तो पाचव्या दिवशीही पॉझिटिव्हच होता. इतक्या लवकर प्रतिद्रव्यं तयार होत नाहीत, म्हणजे हा संसर्ग जुना. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या 50 वर्षांखालच्या जवळपास दोन तृतीयांश लोकांना टाइप 1 असतो, बऱ्याच जणांना लहानपणीच, घरच्यांच्या पाप्यांमधून होतो. एका लॅबच्या पॅकेजमध्ये आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांची तपासणीही होती. त्यावर मी कुणालाच निर्णय घेऊ देत नाही. ते टाइप नीट ओळखत नाही आणि जुन्या संसर्गातही वर येऊ शकतं.

हे सगळं त्याला पटलं. तरी मी विचारलं, "पुढचा निगेटिव्ह आला, तर थांबाल?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी वागलो ते चूकच होतं ना?"

खरी गाठ इथे होती. रिपोर्ट आला की दोन-तीन दिवस झोप लागायची, मग रात्री पुन्हा मोबाइलवर शोधाशोध. तो प्रत्येक वेळी रक्त देऊन प्रायश्चित्त घेत होता, आणि त्या अपराधीपणाला लॅबकडे उत्तर नाही. पुढच्या भेटींत आम्ही त्या अपराधीपणावरच बोललो.

शंभर टक्के हमी कुठलीच तपासणी देत नाही, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं. मुदत उलटून गेली, लक्षणं नाहीत, नवा धोका पत्करलेला नाही, मग रक्ततपासणी बंद. कधी फोड किंवा जखम दिसलीच तर ती ताजी असतानाच, एक-दोन दिवसांत, त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि तिथलाच स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, करायची.

पावसाळ्यात त्याचा घाबरून फोन आला. जांघेत लाल चट्टा होता. लॅबमध्ये न जाता तो डॉक्टरांकडे गेला. गजकर्ण निघालं, मलम मिळालं. रक्त त्याने दिलं नाही.

अशी भीती ज्यांना एकट्याने सोसवत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठीचं सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे समुपदेशन मोफत मिळतं. 1097 या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवरही बोलता येतं.