‘संपादन’ कशाला म्हणावे?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणकावर आणि मोबाइलवर ‘एडिट’ या आज्ञेसाठी ‘संपादन करा’ किंवा ‘संपादित करा’ असे लिहिलेले असते, त्यामुळे एक वेलांटी बदलली तरी ते ‘संपादन’ ठरते. संकेतस्थळांवरील लेखांखाली ‘संपादन : अमुक’ असे नाव असते आणि त्या व्यक्तीने बहुधा फक्त शुद्धलेखन तपासलेले असते. तर मग संपादन, मुद्रितशोधन, संकलन, संस्करण या शब्दांत आज काही फरक उरला आहे का? आणि जो तो स्वतः लिहून स्वतःच प्रसिद्ध करतो अशा काळात ‘संपादक’ या शब्दाला काही अर्थ आहे का?

फरक निश्चित आहे. शिवाय हा फरक डिजिटल प्रकाशनाच्या काळात पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण शब्द सैल झाला की त्यामागचे कामही हळूहळू दिसेनासे होते.

‘संपादन’ हा शब्द ‘सम्’ या उपसर्गासह ‘पद्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ सिद्धीस नेणे, घडवून आणणे, मिळवणे असा आहे. विश्वास संपादन करणे, यश संपादन करणे, भूसंपादन या प्रयोगांत हाच अर्थ आजही जिवंत आहे. जुन्या मराठीत ‘सोंग संपादणे’ असा प्रयोग येतो आणि त्यावरून आलेली ‘संपादणी’ म्हणजे घेतलेली भूमिका शेवटपर्यंत नीट वठवणे. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे काम तडीस नेण्याची जबाबदारी. मजकुराच्या बाबतीत संपादन म्हणजे हाती आलेला मजकूर वाचकापुढे जाण्याच्या योग्यतेस आणणे, किंवा तो त्या योग्यतेचा होणार नाही असे दिसल्यास तसे लेखकाला सांगणे. चूक सुधारणे हा या कामाचा एक भाग झाला; त्यालाच संपूर्ण संपादन समजणे अर्थाला धरून होत नाही.

‘मुद्रितशोधन’ या शब्दातील ‘शोधन’ हे हरवलेली वस्तू धुंडाळणे नव्हे. ते ‘शुध्’ धातूपासून आले असून त्याचा अर्थ शुद्ध करणे असा आहे. मराठीतला ‘शोधणे’ हाही त्याच धातूचा वंशज. मुद्रितशोधकाने मूळ प्रत समोर ठेवून मुद्रित, म्हणजे तपासणीसाठी छापून काढलेला मजकूर, तिच्याशी ताडायचे असते, लेखकाचे म्हणणे बदलायचे नसते. मराठीत या अर्थाचे सर्वांत आदरणीय उदाहरण संत एकनाथांचे आहे. नकलाकारांच्या हातून ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले होते. ते काढून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ‘प्रति शुद्ध केली’. याच ठिकाणी त्यांनी एक इशाराही दिला आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. स्वतः समर्थ कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावताना घालून घेतलेली ही मर्यादा आहे. आपल्या शैलीचा ठसा दुसऱ्याच्या लेखावर उमटवणाऱ्या प्रत्येक संपादकाने ती डोळ्यांसमोर ठेवावी असे मला मनापासून वाटते.

हेच काम आधुनिक पद्धतीने कसे होते हे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हे काम १९१९ मध्ये हाती घेतले, ते १९६६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर हे तिचे प्रमुख संपादक होते. या आवृत्तीत स्वीकारलेला पाठ वर छापला आहे आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले आहेत, म्हणजे संपादकाने काय निवडले आणि काय बाजूला ठेवले हे वाचकाला तपासता येते. आज विकिपीडियाच्या पानावर ‘इतिहास पहा’ या दुव्यातून प्रत्येक बदल पाहता येतो, ही डिजिटल माध्यमाची खरोखर मोठी देणगी आहे. मात्र तो इतिहास केवळ कोणी, केव्हा, काय बदलले एवढेच सांगतो. दोन पाठांतला कोणता ग्राह्य आणि का, हे कोणीतरी विचार करून ठरवावे लागते, आणि त्या ठरवण्याला संपादन म्हणतात.

उरलेल्या दोन शब्दांचा उलगडा लवकर होतो. ‘संकलन’ म्हणजे विखुरलेले एकत्र करणे. चित्रपटाच्या बाबतीत मराठीने हाच शब्द रूढ केला असून श्रेयनामावलीत ‘संकलक’ असे लिहिण्याची आपली पद्धत चांगली आहे. हिंदीच्या प्रभावाने तेथे ‘संपादक’ लिहिण्याचे कारण नाही. ‘संस्करण’ म्हणजे संस्कार करणे. वाक्यरचना, परिभाषेतील एकवाक्यता, परिच्छेदांची मांडणी यांवरील कामासाठी ‘भाषिक संस्करण’ हा प्रयोग नेमका आहे. त्याचा हिंदीतला ‘आवृत्ती’ हा अर्थ मराठीत आणू नये.

आता ‘संपादक’. एकोणिसाव्या शतकात मराठी वाचक संपादकाला त्याच्या पत्राच्या नावाने ओळखत. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर दर्पणकार झाले, आगरकर सुधारककर्ते झाले, शिवराम महादेव परांजपे काळकर्ते झाले. नियतकालिकात जे काही छापून येई त्याचा कर्ता म्हणून एका माणसाकडे बोट दाखवता येत असे, मग तो मजकूर प्रत्यक्षात कोणीही लिहिलेला असो. कायद्यानेही हीच समजूत मान्य केली होती. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्यात वृत्तपत्रातील मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण असते तो संपादक, अशी व्याख्या होती. वृत्तपत्रांच्या शेवटच्या पानावरील बारीक टंकातली ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी’ ही ओळ त्यातूनच आली. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. जुन्या व्याख्येतले दोन शब्द मात्र संपादकाच्या कामाचे मर्म सांगतात: निवड आणि नियंत्रण.

निवड म्हटली की नकार आला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनकाळातल्या ‘सत्यकथा’ या मासिकाने लेखकांना सविस्तर पत्रे पाठवून पुनर्लेखन करायला लावले आणि त्यातून मराठी कथेला व कवितेला बळ मिळाले, त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी १९६९ मध्ये होळी केली, कारण एका अभिरुचीचा नकार त्यांना जाचक वाटत होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संपादकाच्या हाती असलेली सत्ता गैरवापराला मोकळी असते, आणि डिजिटल प्रकाशनाने ती मोडून अनेकांना लिहिते केले याबद्दल आनंदच मानला पाहिजे. परंतु दार अडवून बसलेला संपादक दूर झाला म्हणून मजकूर आस्थेने वाचणारा संपादकही अनावश्यक ठरला, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

त्याची आवश्यकता कोठे भासते ते जवळून पाहू. ‘सर्व आचार्यांना भोजनगृहात बोलावण्यात आले’ हे वाक्य घ्या. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही साधनाला त्यात दोष दिसणार नाही. पण लेखकाने मूळ प्रतीत ‘आचाऱ्यांना’ असे लिहिले असेल, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, आणि जुन्या टंकातून युनिकोडमध्ये रूपांतर होताना ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला असेल, तर गुरुजनांना बोलावणे गेल्याचे वाचक समजेल. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘दीन’ आणि ‘दिन’ यांचेही तसेच. शब्द दोन्ही शुद्ध, वाक्य मात्र चुकीचे. आता एक आकडा पाहू. इंग्रजी बातमीतले ‘पंधरा मिलियन’ अनुवादात ‘१५ लाख’ होऊन येते. व्याकरण निर्दोष, शब्द सोपे, आणि आकडा दहा पटींनी चुकलेला, कारण एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि म्हणून पंधरा मिलियन म्हणजे दीड कोटी. ‘वडिलांनी मुलाला आपल्या घरी बोलावले’ या वाक्यात घर कोणाचे, हे तर लेखकालाच विचारावे लागेल. असे विचारण्याचा अधिकार असलेला आणि उत्तर मिळेपर्यंत मजकूर थांबवण्याची हिंमत असलेला माणूस म्हणजे संपादक. यंत्र सूचना करू शकते, आणि त्याचा उपयोग अवश्य करावा, पण त्या सूचनेवर सही कोणाची, हा प्रश्न यंत्रापाशी सुटत नाही.

छापखान्याच्या काळात मुद्रिते दोनतीनदा हातांखालून जात आणि छपाईला परवानगी देण्याचा एक निश्चित क्षण असे. नंतर चूक दिसली तर शुद्धिपत्र जोडावे लागे, म्हणून आधी काळजी घेतली जाई. डिजिटल मजकूर केव्हाही बदलता येतो, त्यामुळे ‘आता जाऊ दे, मग सुधारू’ ही वृत्ती बळावते. पण मजकूर प्रसिद्ध होताच त्याच्या नकला पुढे जातात, पडद्यांची छायाचित्रे फिरतात, आणि मूळ पानावरची दुरुस्ती त्या नकलांपर्यंत पोहोचत नाही. बदलण्याची सोय वाढली तसे प्रसिद्धीपूर्व वाचनाचे मोल वाढले ते यामुळे.

तेव्हा प्रश्नकर्त्याला माझे उत्तर असे. आज्ञावलीतील ‘एडिट’साठी ‘बदला’ किंवा ‘दुरुस्त करा’ हे शब्द पुरेसे आहेत; ‘संपादन करा’ आता रूढ झाले असल्याने त्याला अशुद्ध म्हणता येणार नाही, पण नवीन आज्ञावली मराठीत आणणाऱ्यांनी साधा शब्द निवडावा. लेखाखाली श्रेय देताना केलेल्या कामाचे नाव द्यावे. शुद्धलेखन पाहिले असेल तर ‘मुद्रितशोधन’ लिहावे. छापील मुद्रित नाही म्हणून तो शब्द अडत असेल तर ‘शुद्धलेखन तपासणी’ लिहावे. भाषा घडवली असेल तर ‘भाषिक संस्करण’, लेख जमवले असतील तर ‘संकलन’. ‘संपादन’ मात्र तेव्हाच लिहावे, जेव्हा त्या व्यक्तीने मजकूर निवडला, त्यातली विधाने तपासली, लेखकाशी चर्चा केली आणि त्यातल्या चुकीबद्दल वाचकाला उत्तर देण्याची तिची तयारी आहे. स्त्री संपादकासाठी ‘संपादिका’ आणि ‘संपादक’ ही दोन्ही रूपे चालतात. पदनाम म्हणून ‘संपादक’ अधिक रुळले आहे.

याच संदर्भात आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. मजकुरात चूक सापडल्यावर ती गुपचूप बदलून वर केवळ ‘अद्ययावत’ असा शिक्का आणि वेळ टाकण्याची पद्धत पडली आहे. ‘अद्ययावत’ म्हणजे आजपर्यंतचे. नवी माहिती जोडली असेल तर तो शब्द योग्य आहे. चूक सुधारली असेल तर ‘दुरुस्ती’ असे शीर्षक देऊन आधी काय लिहिले होते, आता काय लिहिले आहे आणि बदल कोणत्या तारखेला केला, हे लेखाच्या सुरुवातीलाच नमूद करावे.